दुचाकी गेटबाहेर, जबाबदारीही गेटबाहेर?

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर अशा शहरांतील अनेक कॉलेजांच्या प्रवेशद्वारापाशी एक सूचना ठळक अक्षरांत लिहिलेली असते : अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी वाहने आवारात आणू नयेत. या सूचनेची अंमलबजावणी बहुधा काटेकोर होते. गेटवरचा वॉचमन ओळखपत्र पाहून मुलांना अडवतो आणि कॉलेजचे वाहनतळ कनिष्ठ महाविद्यालयाच्या दुचाकींपासून खरोखरच मोकळे राहते. मात्र त्याच वेळी कॉलेजच्या मागच्या गल्लीत, शेजारच्या सोसायटीच्या कुंपणालगत, अजून न उघडलेल्या दुकानांच्या पायऱ्यांपुढे आणि झेरॉक्सच्या दुकानासमोर सकाळी सातच्या आत गाड्यांची रांग लागलेली असते. त्या गाड्यांवरून उतरलेली मुले दप्तरे सावरत त्याच गेटमधून आत जातात, आणि कॉलेजच्या दृष्टीने नियम पाळला गेलेला असतो.

हा नियम गाडी कोठे उभी करावी याविषयी आहे. ती कोणी चालवावी, याविषयी तो काही बोलत नाही, आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी परवान्याशिवाय शहराच्या गर्दीतून स्कूटर चालवत आला, हे कॉलेजला ठाऊक असते, पालकांना ठाऊक असते, चौकातल्या वाहतूक पोलिसालाही दिसत असते. पण गाडी आवाराच्या भिंतीबाहेर असल्यामुळे कॉलेजला ती न पाहण्याची सोय मिळते. विद्यार्थी आपल्या दारी कसा पोहोचतो, या प्रश्नाची जबाबदारी कनिष्ठ महाविद्यालयांनी उघडपणे स्वीकारली पाहिजे आणि वाहनतळाच्या नियमाऐवजी वाहन चालवण्याचा नियम केला पाहिजे, असे मला वाटते.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. त्याला एकच अपवाद आहे : ज्या दुचाकीच्या इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा अधिक नाही, ती सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला परवाना काढून चालवता येते. हा अपवाद लिहिला गेला त्या काळात त्याला अर्थ होता. १९७२ साली बाजारात आलेली लूना आणि तिच्यासारख्या छोट्या मोपेड तेव्हा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सर्वत्र होत्या. त्यांचा वेग बेताचा होता आणि वजनही हलके होते. आज पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी दुचाकी शोरूममध्ये जवळजवळ मिळत नाही. मुले ज्या स्कूटर वापरतात त्यांची इंजिने ११० ते १२५ सीसीची असतात, म्हणजे अपवादाने घालून दिलेल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. तरीही ‘सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते’ हे अर्धवट वाक्य पालकांच्या तोंडी कायम असते आणि गाडीच्या इंजिनाविषयीचा पुढचा भाग सोयीस्करपणे गळून पडतो.

विद्यार्थ्यांच्या वयाचा हिशेबही एकदा नीट मांडून पाहावा. साधारण सहाव्या वर्षी पहिलीत गेलेले मूल अकरावीत येते तेव्हा सोळा वर्षांचे असते आणि बारावीचे वर्ष सुरू होताना सतरा वर्षांचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा देतानासुद्धा वर्गातील बहुसंख्य मुलांचा अठरावा वाढदिवस झालेला नसतो. याचा अर्थ असा की, कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन वर्षांत गल्लीत उभ्या राहणाऱ्या बहुतेक सर्व स्कूटर बेकायदा चालवल्या गेलेल्या असतात. काही मोजकी मुले नियम मोडतात आणि बाकीची पाळतात, असे हे चित्र नाही. येथे नियम मोडणे हीच रीत झाली आहे, आणि ज्या वयात मुलाची कायद्याशी पहिली खरी ओळख व्हायची, त्या वयात कायदा म्हणजे चौक टाळून जाण्याची युक्ती, हे त्याच्या मनात घरातल्याच माणसांकडून रुजवले जाते. अपघाताच्या भीतीइतकीच मला ही गोष्ट गंभीर वाटते.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९अ आले. अल्पवयीन व्यक्तीने वाहन चालवून गुन्हा केला, तर तिचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे आपल्या नकळत घडले किंवा आपण ते रोखण्याचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. रोज सकाळी स्वतः किल्ली हातात देणाऱ्या आईवडिलांना हे कसे सिद्ध करता येणार? विम्याची बाजू तर बहुतेक घरांत कोणी विचारातही घेतलेली नसते. विनापरवाना चालकाच्या हातून कोणी जखमी किंवा मृत झाल्यास पॉलिसीच्या अटींचा भंग होतो. अशा प्रकरणांत न्यायाधिकरणे अनेकदा विमा कंपनीला पीडिताची भरपाई आधी देण्यास सांगतात आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतात. एका सकाळच्या चुकीमुळे मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची बचत जाऊ शकते, हे पालकसभेत कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पालकसभांत गुणांविषयी, गैरहजेरीविषयी आणि मोबाइलविषयी तासन्‌तास बोलले जाते. हा विषय मात्र निघत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा साऱ्या देशात संताप उसळला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातल्याने तो संताप आणखी वाढला, आणि तो रास्त होता. त्या प्रकरणातील पैसा, मद्य आणि पुराव्यांशी छेडछाड केल्याचे आरोप यांवर चर्चा होणे आवश्यकच होते. पण त्या चर्चेतून एक सोयीस्कर समजूतही तयार झाली : अल्पवयीनांचे वाहन चालवणे हा धनिकांच्या बिघडलेल्या मुलांचा प्रश्न आहे, आपल्या मुलीच्या स्कूटरशी त्याचा काही संबंध नाही. त्या काळात त्या मुलाला हिरिरीने दोष देणारे किती पालक दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच मुलाला क्लाससाठी गाडी काढून देत होते, हे कोणत्याही कॉलेजच्या मागच्या गल्लीत उभे राहिले असते तर दिसले असते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आलिशान मोटार ही बातमी होते. गल्लीतून मुख्य रस्त्यावर वळताना बसच्या चाकाखाली आलेली स्कूटर जिल्हा पानावरच्या चार ओळींत संपते.

मग कॉलेजे अशी डोळेझाक का करतात? केवळ बेफिकिरी हे त्याचे उत्तर नाही. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालय बहुधा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. तेच गेट, तेच वाहनतळ, तेच ग्रंथालय. पदवीच्या विद्यार्थ्यांना परवाना पाहून गाडी आणण्याची मुभा असते, बारावीच्या विद्यार्थ्यांना नसते, आणि वॉचमनने ओळखपत्राच्या रंगावरून हा भेद सकाळच्या गर्दीत काही मिनिटांत करायचा असतो. शिवाय अल्पवयीन मुलाची गाडी आवारात उभी राहू दिली, तर आपण बेकायदा कृत्याला संमती दिली असे ठरेल, अशी व्यवस्थापनाला भीती वाटते. ती भीती चुकीची नाही. त्या भीतीपोटी निवडलेला उपाय मात्र फक्त संस्थेचे रक्षण करतो. विद्यार्थ्याचे त्याने काहीही भले होत नाही. उलट अरुंद गल्लीत गाडी लावण्याच्या घाईत तो अधिक धोक्यात येतो, शेजारच्या रहिवाशांशी त्याची भांडणे होतात, आणि टोइंगची गाडी आली की उचलून नेलेल्या स्कूटरचा दंड भरायला वडील कामावरून धावत येतात. दंडही ‘नो पार्किंग’चा असतो. परवान्याचा प्रश्न तेथेही कोणी विचारत नाही.

या साखळीत प्रत्येकाची सोय सांभाळली गेली आहे. पालकांचा सकाळचा तास वाचतो, कॉलेजची कायदेशीर बाजू सुरक्षित राहते, खासगी क्लासला वेळेवर भरलेला वर्ग मिळतो आणि पोलिसांना दप्तर पाठीला लावलेल्या मुलावर गुन्हा नोंदवण्याचा मनस्ताप टळतो. ज्याला यांतले काहीही ठरवण्याचा अधिकार नाही, ते मूल तेवढे हँडल धरून बसलेले असते.

मुले गाडी का वापरतात, हे समजून घेतल्याशिवाय नियम करणे व्यर्थ आहे. हौस हे एक कारण आहेच. सोळाव्या वर्षी कोणाला वेगाची ओढ नसते? परंतु हौस हे मुख्य कारण असते तर मुले रविवारी गाडी घेऊन फिरली असती आणि सोमवारी बसने आली असती. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. जेईई किंवा नीटचा क्लास सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतो, त्यानंतर कॉलेजचे प्रात्यक्षिक, दुपारी घरी जेवण, संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या टोकाला दुसऱ्या विषयाचा क्लास, आणि परतायला रात्रीचे आठ-साडेआठ. घर, क्लास आणि कॉलेज हे त्रिकोणाचे तीन कोपरे शहराच्या तीन भागांत असतात. या वेळापत्रकात कोणत्याही शहराची बससेवा बसवता येत नाही, आणि पालक दोघेही नोकरी करणारे असतील तर सोडायला-आणायला कोणी मोकळे नसते. म्हणजे मुलाच्या हाती गाडी देण्याचा निर्णय पालकांनी घेतलेला असला, तरी तो घेण्यास भाग पाडणारे वेळापत्रक मोठ्या माणसांच्या संस्थांनीच आखलेले आहे. हे वेळापत्रक बदलता येते. आपल्याकडे ते निसर्गनियमासारखे स्वीकारले गेले आहे, इतकेच.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अल्पवयीनांच्या वाहनबंदीविरुद्धचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद येथूनच येतो. हलक्या, गिअर नसलेल्या दुचाकीने महाराष्ट्राच्या शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील मुलींना जी मोकळीक दिली, ती लहान गोष्ट नव्हती. गर्दीच्या बसमधला त्रास, रिक्षासाठी अंधारात थांबणे, भाऊ किंवा वडील मोकळे नसल्यामुळे बुडणारा तास, यांतून तिने अनेकींना सोडवले. ‘स्कूटर बंद केली तर माझी मुलगी संध्याकाळच्या क्लासला जाणारच नाही’ असे जेव्हा एखादी आई सांगते, तेव्हा ती सबब देत नसते. घरातल्या मर्यादित साधनांची वाटणी करताना मुलीचा क्लास सर्वांत आधी बंद होतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून पर्याय न देता नुसती बंदी लादली, तर तिची किंमत मुलगे कमी आणि मुली अधिक मोजतील. हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला निराळा दिसतो. मुलीला सुरक्षित प्रवास हवा असेल, तर तो पुरवण्याचे काम संस्थांचे आणि शासनाचे आहे. तो प्रवास तिने परवाना नसताना, विम्याचे संरक्षण नसताना, स्वतःच्या जिवावर उदार होऊन मिळवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बसमधल्या छेडछाडीचे उत्तर म्हणून सोळा वर्षांच्या मुलीला ट्रकच्या रहदारीत पाठवणे, हा कोणत्याही अर्थाने मुक्तीचा मार्ग नव्हे.

आणि शासनाला हे काम जमतच नाही, असेही नाही. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शिक्षणासाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांत मुलींना शाळा-कॉलेजात नेणाऱ्या खास बस धावतात आणि त्यांच्यामुळे आठवीनंतर घरी बसणाऱ्या कित्येक मुली पुढे शिकल्या. इतर विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात सुमारे दोन तृतीयांश सवलत मिळते. २०२४ च्या जूनपासून एसटी महामंडळाने हे पास आगारात रांग लावण्याऐवजी थेट शाळा-कॉलेजांतच देण्याची सोय सुरू केली, हे तर मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्यात विद्यार्थ्याने बसकडे जाण्याऐवजी बस विद्यार्थ्याकडे आली आहे. खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत आपण प्रवास हा शिक्षणाचा भाग मानतो आणि शहरातल्या मुलाच्या बाबतीत तो घरगुती प्रश्न मानतो, ही विसंगती आहे. अर्थात ग्रामीण भागातही सर्व काही सुरळीत नाही. दुपारची फेरी रद्द झाली की स्टँडवर तासन्‌तास बसणारी मुले आणि त्यातून एका मोटरसायकलवर तिघे-चौघे बसून निघालेली मुले हे दृश्य मराठवाड्यात किंवा खानदेशात नवे नाही. तेथे कॉलेजने आगारप्रमुखाला लिहिलेले एक पत्र दहा सूचनाफलकांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

कॉलेजांकडून यावर नेहमी येणारे उत्तर असे असते की, आम्ही शिक्षणसंस्था आहोत, वाहतूक पोलीस नाही. गेटबाहेर आमचा अधिकार चालत नाही. हे उत्तर मला पटत नाही. विद्यार्थी गेटबाहेर काय करतो यात कॉलेजे अनेक बाबतींत रस घेतातच. गणवेशात हॉटेलात दिसलेल्या मुलाच्या घरी फोन जातो, समाजमाध्यमांवर कॉलेजची बदनामी करणाऱ्याला प्राचार्यांपुढे उभे केले जाते, आणि ‘इंटिग्रेटेड’ नावाच्या व्यवस्थेत तर कॉलेज आपल्या विद्यार्थ्याला दिवसभर खासगी क्लासच्या स्वाधीन करते. विद्यार्थी कोठे शिकतो हे गेटबाहेर ठरवणारी संस्था तो तेथे कसा जातो याविषयी हात वर करू शकत नाही. शिवाय शासनानेही ही विभागणी पूर्वीच नाकारली आहे. २०११ च्या स्कूल बससंबंधीच्या नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे बंधनकारक झाले, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी, पोलीस अधिकारी आणि परिवहन विभागाचा अधिकारी यांना एकत्र बसवण्यात आले. मूल शाळेत कसे पोहोचते हा शाळेचा विषय आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झालेले आहे. पण या समितीचे लक्ष बस आणि व्हॅन यांच्यापलीकडे सहसा जात नाही. पाचवीतल्या मुलाची बस तपासणारी व्यवस्था त्याच्या अकरावीतल्या बहिणीच्या स्कूटरविषयी गप्प असते, याचे समर्थन कसे करता येईल? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अशी समिती नेमावी आणि तिच्यापुढे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या वाहनांचा प्रश्न ठेवावा, ही मागणी म्हणून मुळीच अवाजवी नाही.

अशा समितीने करायचा नियम कसा असावा? त्याचा पहिला शब्द वाहन चालवण्याविषयी हवा. अठरा वर्षांखालील विद्यार्थी कॉलेजला किंवा कॉलेजने संलग्न केलेल्या क्लासला मोटार वाहन चालवत येणार नाही, गाडी आवारात उभी असो वा दोन गल्ल्या सोडून. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याने आपण घरापासून कॉलेजपर्यंत कसे येणार हे लिहून द्यावे आणि त्याखाली पालकांची सही असावी. या कागदाला काही जण केवळ औपचारिकता म्हणतील. परंतु एकदा चारशे विद्यार्थ्यांचे असे कागद हाती आले, की कोणत्या भागातून किती मुले येतात, कोणत्या मार्गावर बस कमी आहे, किती जणांना सायकल शक्य आहे, हे कॉलेजला प्रथमच समजेल. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, अधिकाऱ्यांकडे ‘बस वाढवा’ असे मोघम निवेदन नेणे आणि ‘या भागातून आमचे इतके विद्यार्थी सकाळी पावणेसातच्या आत येतात’ असा हिशेब नेणे, यांत फार अंतर आहे.

नियम मोडल्यास काय करायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे. विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढू नये, प्रात्यक्षिकाचे गुण कापू नयेत आणि परीक्षेचे हॉल तिकीट अडवण्याची धमकी तर कदापि देऊ नये. गाडीची किल्ली ज्याने दिली त्याला बोलवावे. पहिल्यांदा पालकांशी प्राचार्यांनी स्वतः बोलावे, दुसऱ्यांदा लेखी समज द्यावी, आणि त्यानंतरही गाडी येतच राहिली तर समितीतील पोलीस अधिकाऱ्यांना कळवावे. येथे मला कलम १९९अ विषयीही एक शंका मांडायची आहे. सोळाव्या वर्षी पकडलेल्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाकारणे आणि वडिलांना तुरुंगाची भीती घालणे ही शिक्षा इतकी जबर आहे की, नेमक्या त्याच कारणाने ती रोजच्या रस्त्यावर कोणी वापरायला धजत नाही. पोलीस हवालदार मुलाकडे पाहतो, त्याच्या भवितव्याचा विचार करतो आणि शंभरदा तंबी देऊन सोडून देतो. कायद्यातली शिक्षा वाढली, पण ती होण्याची शक्यता वाढली नाही. लहान, पण हमखास होणारी कारवाई त्याहून अधिक परिणामकारक ठरेल : गाडी तेथेच अडकवून ठेवणे आणि पालकाने स्वतः येऊन, दंड भरून ती नेणे. दोनदा कचेरीतून अर्धी रजा टाकावी लागलेला पालक तिसऱ्यांदा किल्ली देताना विचार करील.

विजेवर चालणाऱ्या मंद गतीच्या स्कूटरचा उल्लेख येथे करणे भाग आहे, कारण कायद्यातल्या या वाटेने आता पुष्कळ पालक जाऊ लागले आहेत. ज्या वाहनाची मोटार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आहे आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक नाही, ते ठरावीक अटी पूर्ण करत असेल तर कायद्याने मोटार वाहन मानले जात नाही; त्याला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही. या वाहनांना सरसकट विरोध करावा असे मला वाटत नाही. लूनाची जुनी जागा ती भरून काढू शकतात. अडचण अशी की, यांतील काही गाड्यांत बदल करून त्यांचा वेग वाढवला जातो आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. कॉलेजने अशा गाड्यांना आवारात जागा द्यावी, पण वर्षातून दोनदा परिवहन विभागाच्या निरीक्षकाकडून त्यांची तपासणी करून घ्यावी आणि हेल्मेटशिवाय गेटमधून आत सोडू नये. पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीला मोठ्यांनीच मोर्चे काढून विरोध केला आहे. निदान शाळकरी मुलांच्या डोक्याबाबत तरी हा हट्ट आपण सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सायकलीविषयी बोलताना जुन्या पुण्याच्या आठवणींत रमण्याची गरज नाही. साधी पाहणी करावी : कॉलेजच्या आवारात सायकलींसाठी छप्पर असलेला, कुलूप लावता येईल असा स्टँड आहे का? बहुतेक ठिकाणी तो भिंतीच्या कडेला, उन्हात, मोडक्या सायकलींच्या ढिगाजवळ असतो, तर प्राध्यापकांच्या मोटारींना पत्र्याची सावली असते. तीन-चार किलोमीटरच्या आत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सायकल हा खरा पर्याय आहे, पण तो वापरणाऱ्याला संस्थेने प्रतिष्ठा दिली पाहिजे, आणि महापालिकेने कॉलेजभोवतीच्या एक किलोमीटरच्या रस्त्यांवर तरी पदपथ व सायकलमार्ग अतिक्रमणांपासून मोकळे ठेवले पाहिजेत.

वेळापत्रकाचे काय? क्लासचालकांना या व्यवस्थेबाहेर ठेवून कोणताही नियम यशस्वी होणार नाही, कारण कॉलेजांपेक्षा क्लासच्या इमारतींखाली गाड्यांची गर्दी कितीतरी मोठी असते. व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर दोनशे मुलांचा वर्ग चालवायचा आणि खाली दहा गाड्यांचीही सोय ठेवायची नाही, याला परवानगी कशी मिळते, हा प्रश्न महापालिकांना विचारला पाहिजे. जी कॉलेजे क्लासशी करार करतात, त्यांनी त्या करारात दोन अटी घालाव्यात : सकाळचा वर्ग पहिली बस पोहोचण्याच्या आधी सुरू होणार नाही आणि संध्याकाळचा वर्ग सातच्या पुढे जाणार नाही, आणि जेथे दोन्ही ठिकाणी जावे लागते, तेथे मधल्या प्रवासासाठी वाहनाची सोय संस्था करील. लाखांच्या घरात शुल्क घेणाऱ्यांना एक मिनीबस जड जाऊ नये. जी साधी कॉलेजे असा करार करत नाहीत, त्यांनी निदान प्रात्यक्षिकांचे तास सलग ठेवावेत, म्हणजे विद्यार्थ्याला एका दिवसात दोनदा यावे लागणार नाही.

अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र सर्वस्वी वेगळा आहे, आणि सध्याची सरसकट बंदी त्याच्यावर अन्याय करते. उशिरा शाळेत गेलेला, आजारपणाने किंवा घरच्या अडचणींनी वर्ष वाया गेलेला, नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात शिकणारा असा बारावीचा विद्यार्थी परवाना, विमा आणि पीयूसी असलेली गाडी घेऊन आला, तर त्याला आत जागा मिळाली पाहिजे. त्याला कागद तपासून स्टिकर द्यावे. वयात आलेल्या आणि कायदा पाळणाऱ्या मुलालाही गल्लीतच गाडी लावायला लावली, तर कायदा पाळण्याने काय साधले, असा प्रश्न त्याला पडेल आणि त्याचे उत्तर कोणाकडेही नसेल.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आपल्या व्यवस्थेत पूर्णपणे सुटली आहे. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि पदवीचे वर्ग जून-जुलैत सुरू होतात. याच सुमारास बहुसंख्य मुले अठरा पूर्ण करतात आणि शिकाऊ परवाना काढतात. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची चाचणी आधार पडताळणीद्वारे घरबसल्या देता येते, त्यामुळे कागदावर पहिली पायरी अगदी सोपी झाली आहे; प्रत्यक्ष शिकण्याची सोय मात्र आहे तेथेच आहे. दुचाकी शिकवणाऱ्या शाळा जवळजवळ नाहीत. मुले एकमेकांकडून, रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांच्या पलीकडे काहीही न समजता शिकतात. डाव्या बाजूने वळणाऱ्या बसची मागची चाके किती आत येतात, पावसाच्या पहिल्या सरीनंतर डांबर का निसरते, पाठीवर दप्तर आणि मागे मित्र असताना ब्रेक लागायला किती अंतर लागते, हे त्यांना कोणी सांगत नाही. कॉलेजांची मैदाने एप्रिल-मे महिन्यांत पुष्कळदा रिकामी असतात. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने आणि कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागाने मिळून त्या मैदानांवर नुकत्याच अठरा पूर्ण केलेल्यांसाठी दहा-बारा दिवसांचे प्रशिक्षण ठेवावे, शेवटी निरीक्षकाने तेथेच पक्क्या परवान्याची चाचणी घ्यावी, आणि जो विद्यार्थी अकरावी-बारावीची दोन वर्षे बसने किंवा सायकलने आला त्याला त्या वर्गात पहिला प्रवेश द्यावा.